दाजी कुणीकडे तोंड करून वाजवतात

दाजींची गिटार वाजण्याआधी घूं करायची, आणि वाजायला लागल्यावरही घूं करायचं सोडायची नाही. केबल खोचली रे खोचली, की अ‍ॅम्पमधला भुंगा जागा झालाच. बँडमधले बाकीचे कपाळाला हात लावत. दाजींना मात्र त्याचं काही म्हणजे काही वाटत नसे.

गिटारीचा रंग सायीसारखा पिवळट होता. तारांखाली तीन पिकअप, आणि प्रत्येकात एकेकच वेटोळं. म्हणजे लोहचुंबकांभोवती केसाहून बारीक तांब्याची तार हजारो वेळा गुंडाळलेली, तीही मुद्दाम जुन्या पद्धतीनं. असं एकेरी वेटोळं तारेचा आवाज जसाच्या तसा पकडतं, आणि जवळपासच्या वायरींतून, दिव्यांतून सुटणारी भुणभुणही तितक्याच प्रेमानं पकडतं. त्याला आपला-परका कळत नाही. पण एकदा का दाजींनी तारेला हात घातला, की ऐकणाऱ्याचं बोलणं अर्ध्यावर थांबायचं. आवाज इतका लख्ख, की नख तारेवरून निसटलं तरी कळावं. हलकेच वाजवलं तर लाडात आलेला, जोरात वाजवलं तर फणकारलेला. त्या आवाजापायी दाजी भुंग्याला घरजावयासारखं सांभाळून होते.

दाजी पोटासाठी चष्म्याच्या काचा घासत आणि रविवारी दुपारी आपल्या थोरल्या भावाच्या बँडमध्ये गिटार वाजवत. थोरल्या भावाला सगळा गाव दादा म्हणायचा. दादांची ड्रायव्हिंग स्कूल होती. बँडचे गायक तेच, मालक तेच आणि वाहतूक पोलीसही तेच. रविवारी दुपारी पडदे ओढलेल्या हॉलमध्ये पन्नाशी-साठीची जोडपी नाचायला यायची, आणि त्यांच्यावर निळा-गुलाबी उजेड सोडायचं काम धाकटीकडे होतं. धाकटी म्हणजे दाजींची मेहुणी. हॉलच्या मागच्या बाजूला, जिन्यावरच्या काचेच्या खोलीत ती दिव्यांच्या स्लायडरांसमोर बसायची आणि तिथून तिला सगळ्यांची टकलं दिसायची.

दाजी वळतात, हा शोध तिला अपघातानं लागला. एका संथ गाण्याला तिनं डाव्या भिंतीवरचे निळे दिवे अर्ध्यावर आणले, तर दाजी वाजवता वाजवता गिटारीसकट उजवीकडे फिरले आणि गाणं संपेपर्यंत खांबाकडे तोंड करून उभे राहिले. तिला वाटलं, रुसले असतील. पुढच्या गाण्याला तिनं वरचे दिवे अर्धे केले, तर दाजी हळूहळू उलटे फिरून ड्रमवाल्याच्या पुढ्यात गेले. मग तिची ट्यूब पेटली. हॉलचे डिमर जुनेपुराणे. दिवा पूर्ण लावला किंवा पूर्ण बंद केला तर ते गप्प राहत, पण अर्ध्यावर ठेवला की वीज तोडून तोडून सोडत. ती तुटकी वीज भिंतीतल्या वायरींतून धावायची आणि दाजींचं वेटोळं ती बरोबर ऐकायचं. अशा वेळी गिटार फिरवत फिरवत एक कोन असा सापडतो, की भुंगा एकदम मुका होतो. दाजी तो कोन शोधत. डोळे मिटून, सूर्यफुलासारखे वळत.

म्हणजे कुठला दिवा अर्धा करायचा हे ज्याला ठाऊक, त्यानं दाजींना वाट्टेल तिकडे फिरवावं. धाकटीच्या हाती असं खेळणं लागल्यावर ती गप्प बसते होय! तिनं दाजींना आग विझवायच्या लाल नळकांड्याकडे तोंड करून एक अख्खं प्रेमगीत वाजवायला लावलं. एकदा तर एका गोऱ्यागोमट्या बाईंकडे त्यांना असं काही वळवलं, की त्या बाईंचे यजमान मध्यंतरात बाह्या सरसावून स्टेजपाशी आले. दाजींना बिचाऱ्यांना काही कळेचना. धाकटी वरती काचेमागे पोट धरून हसत होती.

हा सगळा पोरकटपणा चालला होता तोवर ठीक होतं. मग ताई, म्हणजे धाकटीची मोठी बहीण आणि दाजींची बायको, घर सोडून आली.

ताई लोकरीचे स्वेटर विणून विकायची. लग्नाच्या वाढदिवशी ती बाहेरगावाहून लोकरीच्या दोन जड पिशव्या घेऊन स्टेशनवर उतरली आणि दाजींची वाट बघत बसली. "निघालोच" असं दाजी फोनवर म्हणाले होते, आणि खरंच निघाले होते. फक्त निघता निघता त्यांना वाटलं, की मधला पिकअप तारांपासून किंचित लांब हवा. त्यांनी स्क्रू पाव फेरा फिरवला. मग पाव फेरा उलटा फिरवला. अंधार पडल्यावर ताई स्वतःच पिशव्या ओढत घरी आली, तर दाजी गिटारीला कान लावून बसलेले. ते वर बघून म्हणाले, "ऐक, आता कसा घंटेसारखा वाजतोय!"

ताईनं ऐकला. तो खरोखरच घंटेसारखा वाजत होता, आणि त्यानंच तिच्या अंगाचा तिळपापड झाला. त्याच दोन पिशव्या उचलून ती धाकटीच्या एका खोलीच्या घरी आली ती आलीच.

तेव्हापासून दोघांचं बोलणं धाकटीच्या मार्फत चालू होतं. "तुझ्या दाजींना सांग, गॅसचा नंबर लावायचाय." "तुझ्या ताईला सांग, लावला." वर्षानुवर्षं उठता-बसता "अहो" म्हणणारी बाई आता त्यांचा उल्लेख "तुझे दाजी" असा करायला लागली, जसे काही ते धाकटीनंच लग्नात आंदण दिले होते. रविवारी हॉलवर यायचं मात्र ताईनं सोडलं नाही. दाराशेजारच्या काउंटरवर ती लोकांचे कोट आणि छत्र्या ठेवून घ्यायची, बिल्ले द्यायची आणि मधल्या वेळात विणत बसायची. "काम घेतलंय ते करणार. मला स्टेजकडे बघायचा पगार नाही," असं ती म्हणायची, आणि खरंच मान वर करायची नाही.

मग एका संध्याकाळी भात वाढता वाढता ताई म्हणाली, की दुसऱ्या एका शहरात विणकाम शिकवायची नोकरी मिळतेय, राहायला खोलीही देतायत, महिनाअखेरीच्या सोमवारी सकाळच्या गाडीनं जायचं म्हणते. धाकटीनं हातातला घास परत ताटात ठेवला. आई-वडील गेल्यापासून घर म्हणून हक्कानं जायचं तिला एकच दार होतं, ताई-दाजींचं. तिचा पहिला चष्मा दाजींनी स्वतः घासून दिला होता, आणि तो लावून आधी आरशात नव्हे, तर ताईकडे बघ म्हणाले होते. ते दार बंद झालं तर आपण रविवारी जेवायला कुठे जाणार, हा विचार तिला आधी आला आणि मग त्याची लाजही वाटली. पण खरं तेच होतं. तिला ती दोघं एकत्र हवी होती, स्वतःसाठीच हवी होती.

समजूत घालून झाली, रुसून झालं. दोघंही आपापल्या जागी ठाम. ताईचं म्हणणं एकच होतं, "तुझ्या दाजींनी त्या गिटारीकडे जेवढं बघितलं ना, त्याच्या निम्म्यानं माझ्याकडे बघितलं असतं तरी पुष्कळ होतं."

बघणं? एवढंच ना? धाकटी त्या रविवारी वेळेआधीच जिना चढून गेली.

उजव्या भिंतीवरचे पिवळे दिवे अर्ध्यावर आणले, की भुंगा अशा बाजूनं उठायचा, की दाजींना कोटांच्या काउंटरकडे तोंड केल्याशिवाय गत्यंतरच नव्हतं. दाजी वळले. मिटलेले डोळे उघडले तर समोर ताई. पुढचा सगळा तुकडा त्यांनी तिच्याकडे बघत वाजवला, आणि काय वाजवला! नाचणारी जोडपीसुद्धा तिकडे माना वळवायला लागली. ताईच्या सुया थांबल्या. तिनं दाजींकडे बघितलं, मग एकदम मान उचलून वर काचेच्या खोलीकडे बघितलं. धाकटीनं पटकन डोकं खाली घातलं. ताई लाजली आणि नजर कुठे ठेवावी हे न कळून वर बघितलं, असा अर्थ काढून ती स्वतःवरच खूष झाली.

घरी गेल्यावर ताई एवढंच म्हणाली, "तुझ्या दाजींना सांग, अशानं मान लचकेल."

धाकटीनं निरोप पोचवला. "मान ठीक आहे म्हणावं," दाजी म्हणाले आणि उगाचच चष्मा पुसत बसले.

पुढच्या रविवारी तेच, त्याच्या पुढच्या रविवारीही तेच. धाकटीला आता चेव चढला होता. दाजी ताईकडे वळले तरी तिला वाटे, अजून थोडं, अजून थोडं. मग ती आणखी एक दिवा अर्धा करी. शेवटी एका हळुवार गाण्यात दादांनी डोळे मिटून वरचा सूर लावला आणि त्याच वेळी अ‍ॅम्पमधून असा काही घूंकार उठला, की दादा गातायत की डास, हे पहिल्या रांगेला कळेना. मध्यंतरात दादांनी सगळ्यांदेखत दाजींना धारेवर धरलं.

"गाडी अशी आवाज करायला लागली तर आपण काय करतो? गॅरेजला नेतो! ते जुनाट पिकअप काढ आणि न घूं करणारे बसव. पुढच्या रविवारी हा आवाज आला तर तू तुझी गाडी दुसऱ्या रस्त्याला लाव."

"दादा, पण तो आवाज..."

"कुठला आवाज? मला फक्त घूं ऐकू येतेय!"

दाजींनी गिटारीची केबल उपसून ठेवली. आपण पेटवलेला दिवा असा आपल्याच घरावर पडेल, असं वरती बसलेल्या धाकटीला वाटलं नव्हतं.

शनिवारी ती चष्म्याच्या दुकानामागच्या खोलीत गेली. घासायच्या चाकाशेजारी मऊ फडक्यावर गिटार उताणी पडली होती. वरची पट्टी खोललेली, आतल्या वायरी बाहेर काढलेल्या. शेजारी नव्या पिकअपचं पाकीट होतं. त्यात एकाखाली एक अशी दोन वेटोळी असतात; दोन्ही एकमेकांची घूं मारून टाकतात. तसेच पिकअप बसवलेली एक गिटार दाजींनी ऐकण्यासाठी मागून आणली होती. त्यांनी तिच्यावर एक सुरावट वाजवली. आवाज चांगलाच होता, नाव ठेवायला जागा नव्हती, पण स्वेटर घातल्यासारखा होता.

"बोलणं तेच," दाजी म्हणाले, "पण तोंडावर रुमाल धरून."

धाकटीनं नव्या पिकअपचं पाकीट उचललं. दिवे मी अर्धे करत होते, हे सांगितलं तर गिटार वाचेल. पण मग दाजी ताईकडे बघत होते ते घूंच्या भीतीनं, हेही उघडं पडेल. ताईच्या कानावर ते गेलं की सोमवारची गाडी पक्की. आणि नाही सांगितलं तर हा आवाज कायमचा जाणार. ती पाकिटाशी चाळा करत राहिली.

"उजवीकडचे पिवळे दिवे अर्ध्यावर ठेवतेस ना?" दाजी काच उजेडात धरत सहज म्हणाले. "ते अर्ध्याच्या अंमळ वर ठेवत जा. बरोब्बर अर्ध्यावर ठेवलेस, की मला तुझ्या ताईच्या डाव्या कानाकडे बघावं लागतं."

धाकटीचा आ वासला तो मिटेचना.

"अगं, स्क्रू पाव फेरा फिरला तरी मला ऐकू येतं. तुझा स्लायडर ऐकू येणार नाही? त्या नळकांड्यासमोर मला उभं केलंस तेव्हाच कळलं."

"मग बोलला का नाहीत?"

दाजींनी काचेवरची भुकटी फुंकली. "नळकांड्याबद्दल बोलणारच होतो. पण मग तू मला ताईकडे वळवलंस. म्हटलं, असू दे." ते पुन्हा काच पुसायला लागले. "निमित्त होतं ना ते. निमित्ताशिवाय तिच्याकडे कुठल्या तोंडानं बघू? स्टेशनवर बसवून ठेवलं मी तिला. आधी माफी मागावी लागेल, आणि ती कशी मागतात ते मला येत नाही."

धाकटीला हसूही आलं आणि डोळ्यांत पाणीही आलं. मग तिचं डोकं चालायला लागलं, आणि तिचं डोकं चाललं की सरळ कधी चालत नसे.

"दाजी, पिकअपवरची ही पिवळी पडलेली टोपणं नुसती बदलली तर? वरून नवी, पांढरी. आत तुमचंच वेटोळं. मी उद्या एकही दिवा अर्धा करत नाही. एक तर पूर्ण लावीन, नाही तर बंद. मग डिमर गप्प, घूं अगदी खाली."

दाजींनी तिच्याकडे बघितलं. "दादाला काय सांगायचं?"

"दादांना काय सांगायचंय? त्यांना पांढरं दिसेल."

रविवारी दुपारी हॉल असा झगझगला, की नाचायला आलेल्यांना एकमेकांचे खरे चेहरे दिसले. दोन जोडपी हिरमुसून खुर्च्यांवर बसली. एका गृहस्थांच्या दोन पायांत दोन रंगांचे मोजे निघाले. पण घूं नव्हती. दादांनी गिटारीची पांढरी टोपणं निरखली, मान डोलावली आणि माइकवरूनच जाहीर केलं, "याला म्हणतात सर्व्हिसिंग! ऐका मंडळी, नवीन पिकअप! आवाज बघा कसा मोकळा सुटलाय. जुन्यात ही मजाच नव्हती." दाजींनी अत्यंत नम्रपणे मान खाली घातली.

कोटांच्या काउंटरखाली लोकरीच्या त्याच दोन पिशव्या बांधून ठेवलेल्या होत्या. गाडी उद्या सकाळची होती. ताई विणत नव्हती. हाताची घडी घालून सरळ स्टेजकडे बघत बसली होती.

आणि दाजी सरळ समोर तोंड करून वाजवत होते. भुंगा नाही, तर वळायला कारण नाही. गाण्यामागून गाणी संपली, पण दाजी खांबासारखे उभे. शेवटच्या गाण्यात त्यांचा एकट्यानं वाजवायचा लांबलचक तुकडा होता. तो सुरू करता करता त्यांनी मान वर केली, काचेच्या खोलीकडे बघितलं आणि भुवया उंचावल्या. धाकटीला अगदी स्पष्ट कळलं. ते तिच्याकडे थोडीशी घूं मागत होते.

तिचं बोट पिवळ्या दिव्यांच्या स्लायडरवर गेलंच होतं. एवढंसं खाली ओढलं असतं की झालं. दादा ओरडले असते, पण दाजी वळले असते, ताईला दिसलं असतं. खाली ताईनं बिल्ल्यांचा डबा बंद केला आणि पिशवीचा बंद हातात घेतला. मग धाकटीनं स्लायडरवरचं बोट उचललं, दोन्ही हात स्वतःच्याच मांडीखाली दाबून घेतले आणि काचेमागून जोरात मान हलवली. नाही. आता तुमचं तुम्ही बघा.

दाजींचा एक सूर चुकला. दादांनी डोळे वटारले. दुसराही चुकला. मग त्या झगझगीत उजेडात, घूं नसताना, कुणी न वळवता दाजी वळले. अडखळत, पायात केबल अडकवत वळले. डाव्या कानाकडे नाही, सरळ ताईच्या तोंडाकडे बघत त्यांनी बाकीचा तुकडा वाजवला. फार काही चांगला वाजवला नाही. हात थरथरत होते, आणि त्या एकेरी वेटोळ्यानं थरथर जशीच्या तशी सगळ्या हॉलला ऐकवली.

खेळ संपल्यावर कोटांसाठी रांग लागली. धाकटी जिना उतरून आली तर रांगेच्या शेवटी गिटार खांद्याला लावून दाजी उभे. त्यांनी कोट आणलाच नव्हता. त्यांचा नंबर आल्यावर ताईनं विचारलं, "बिल्ला?"

"नाही," दाजी म्हणाले. "मी स्टेशनवर यायला हवं होतं."

ताई धाकटीकडे वळली. "आज पिवळे दिवे अर्धे नाही केलेस."

"तुला... माहीत होतं?"

"अगं, इतकी वर्षं मी त्या गिटारीबरोबर एका घरात राहिलेय. फ्रिज चालू झाला की तुझे दाजी भिंतीकडे वळतात, शेजाऱ्यांचा मिक्सर लागला की खिडकीकडे. ते माझ्याकडे वळलेले बघून मी हुरळून जाईन, असं वाटलं होय तुला? घूं नसताना वळतात का, एवढंच मला बघायचं होतं." तिनं दोन्ही पिशव्या काउंटरखालून ओढून वर ठेवल्या. मागून दादा कुणाला तरी नव्या पिकअपचे फायदे समजावून सांगत होते.

तुझ्या दाजींना सांग, असं काहीतरी आता येईल आणि तो निरोप आपल्यालाच पोचवावा लागेल, म्हणून धाकटी तयार उभी होती. पण ताई तिच्याकडे बघतच नव्हती.

"अहो," ताई म्हणाली, "या पिशव्या धरा. लोकर फार जड असते."